तोफा जागेवर राहिल्या, अधिकारी निघून गेले : शिंद्यांच्या कंपूंची कथा (धागा)

१.
२३ सप्टेंबर १८०३. आजच्या जालना जिल्ह्यातील असई हे गाव. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात झालेल्या लढाईत दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले (दुसरे) यांच्या फौजेचा पराभव झाला. ९८ तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. पाठ्यपुस्तकात ही लढाई बहुधा एका ओळीत आटोपते. परंतु जिंकणाऱ्या सेनापतीच्या हानीचे आकडे पाहिले, की ती ओळ अपुरी वाटू लागते.

२.
आर्थर वेलस्लीजवळ त्या दिवशी प्रत्यक्ष लढलेली कवायती फौज सुमारे साडेचार हजार. तीपैकी ४२८ ठार आणि ११३८ जखमी. म्हणजे दर तीन माणसांमागे एक. ७४ व्या हायलँडर पलटणीची तर वाताहतच झाली. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि त्याने वॉटर्लूवर नेपोलियनला हरवले. तरीही 'आपली सर्वांत चांगली लढाई कोणती' या प्रश्नावर त्याने असईचे नाव घेतल्याची नोंद आहे. त्याची बहुतेक हानी शिंद्यांच्या तोफांनी केली होती.

३.
मग असा तोफखाना पदरी असलेल्या सत्तेला अवघ्या तीन महिन्यांत तहावर सही का करावी लागली? या धाग्यात त्याचाच शोध घ्यायचा आहे. नवे युद्धतंत्र मिळवणे ही एक गोष्ट आणि त्या तंत्राभोवती राज्याचे धोरण उभे करणे ही दुसरी. शिंद्यांनी पहिली गोष्ट वीस वर्षांच्या आत साधली. दुसरी अर्धवट राहिली, आणि शत्रूने घाव घातला तो नेमका तिथे.

४.
आधी तंत्र समजून घेऊ. तोड्याच्या बंदुकीला पेटती वात लागे. तिच्या जागी आलेली चकमकीची बंदूक शिकलेला शिपाई मिनिटाला दोन-तीनदा झाडू शकत असे. नळीच्या तोंडाशी संगीन बसवली की त्याच बंदुकीचा भाला होई. पलटणीबरोबर हलक्या तोफा चालत. हे सारे बाजारात विकत मिळत होते. पण घोडदळ अंगावर येत असताना रांग ढळू न देणे आणि हुकूम होईपर्यंत गोळी राखून ठेवणे, हे केवळ कवायतीने येई. या तंत्राचा निम्मा भाग लोखंडात होता, उरलेला निम्मा अधिकाऱ्यात.

५.
मराठ्यांना याचा पहिला मोठा अनुभव आला पानिपतावर, १४ जानेवारी १७६१ रोजी. इब्राहिमखान गारदी निजामाच्या चाकरीत असताना फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली ही पद्धत शिकला होता. सदाशिवरावभाऊंनी त्याला पलटणींसह आपल्याकडे घेतले. त्या दिवशी त्याच्या गारद्यांनी रोहिल्यांची फळी अक्षरशः कापून काढली. पराभवानंतर तो पकडला गेला आणि मारला गेला. हे नाव ध्यानात ठेवा. युरोपीय पद्धतीची पलटण हिंदी सेनानी समर्थपणे चालवू शकतो, याचा पुरावा १७६१ मध्येच मिळालेला होता.

६.
पानिपतावरून जखमी होऊन, पायाने कायमचे अधू होऊन परतलेल्यांत महादजी शिंदे होते. पुढे पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात त्यांनी वडगावला (१७७९) इंग्रजांना नमवले. पण त्याच युद्धात गॉडर्डची फौज अर्धा हिंदुस्थान तुडवीत गुजरातेपर्यंत पोहोचली, आणि ऑगस्ट १७८० मध्ये पॉपमच्या तुकडीने रातोरात शिड्या लावून ग्वाल्हेरचा किल्ला घेतला. साल्बाईच्या तहाने (१७८२) युद्ध थांबले. महादजींनी त्यातून घेतलेला धडा स्पष्ट होता : केवळ घोडदळावर यापुढे भागणार नाही.

७.
१७८४ मध्ये त्यांनी बन्वा डी बॉयन या सव्हॉयच्या माणसाला चाकरीत घेतले. जन्म १७५१, शाँबेरीचा. फ्रेंच लष्करातील आयरिश पलटण, मग रशियन चाकरी, तुर्कांची कैद, मग कंपनीची मद्रास फौज, असा त्याचा प्रवास. त्याने प्रथम दोन पलटणी उभ्या केल्या. लालसोट (१७८७) आणि आग्रा (१७८८) येथे त्या कसोटीला उतरल्या. मध्यंतरी तो चाकरी सोडून लखनौला गेला. १७९० मध्ये महादजींनी त्याला पुन्हा बोलावले, या वेळी पूर्ण कंपू उभारण्यासाठी.

८.
एका कंपूत साधारण दहा पलटणी, त्यांच्या तोफा, थोडे घोडदळ. तेलंगी पलटणींजवळ युरोपीय पद्धतीच्या बंदुका, नजीब पलटणींत पठाण आणि रोहिले. आग्र्याला तोफा ओतण्याचा कारखाना निघाला. त्याची देखरेख सँगस्टर या स्कॉट माणसाकडे होती, ओतणारे हात मात्र हिंदी कारागिरांचे. या तोफा नकलेच्या दर्जाच्या नव्हत्या. १८०३ मध्ये हाती आलेल्या तोफा पाहून इंग्रज अधिकाऱ्यांनीच त्यांची वाखाणणी केली आहे.

९.
परिणाम लगेच दिसला. जून १७९० मध्ये पाटण येथे इस्माईल बेग आणि राजपूत यांची एकत्रित फौज मोडली. सप्टेंबरमध्ये मेडत्याला राठोडांच्या घोडदळाने जिवावर उदार होऊन हल्ला चढवला. डी बॉयनच्या पलटणींनी ऐन वेळी पोकळ चौकोन रचला आणि चारही बाजूंनी मारा केला. राठोडांचे शौर्य त्या चौकोनावर आपटून विरले. दोन लढायांत उत्तर हिंदुस्थानातील सत्तेचा तोल बदलला.

१०.
आता धोरणाकडे वळू. कंपूचा खर्च रोख, दरमहा आणि बिनचूक द्यावा लागे. त्या काळी फौजेचा पगार थकणे ही नित्याची बाब होती. यावर तोडगा निघाला तो 'जायदाद'चा. गंगा-यमुनेच्या दुआबातील सुपीक मुलूख कंपूच्या खर्चासाठी थेट डी बॉयनच्या हाती सोपवला गेला. वसुली त्याची, वाटपही त्याचेच. पगार वेळेवर होऊ लागले. जखमींना भरपाई आणि अपंगांना निवृत्तिवेतन मिळू लागले. शिपाई टिकले, शिस्त टिकली.

११.
परक्या माणसावर एवढा भरवसा का, असे आज सहज विचारले जाते. महादजींच्या जागी उभे राहून पाहावे. पुणे दरबारात गट होते, होळकरांशी चुरस होती, प्रत्येक सरदाराला स्वतःचा सरंजाम आणि भाऊबंद होते. डी बॉयनला इथे कोणी नातलग नव्हते. त्याचे बळ संपूर्णपणे धन्याच्या मर्जीवर उभे होते. शिवाय वेळ कमी होता. अधिकारी घडवायला एक पिढी लागते, तयार अधिकारी मात्र त्या क्षणी पगारावर मिळत होता. निर्णय अविचाराचा नव्हता.

१२.
परंतु त्या निर्णयात दोन भेगा होत्या. पहिली : फौज, तिचा पैसा आणि तो पैसा देणारा मुलूख, ही तिन्ही एकाच परक्या सेनापतीच्या मुठीत गेली. दुसरी : कंपूतील हिंदी माणूस उत्तम गोलंदाज किंवा सुभेदार झाला, तरी पलटणीचा हुकूम बहुधा युरोपीय किंवा मिश्र वंशाच्या अधिकाऱ्याकडेच राहिला. त्याच्या मागे त्याची जागा घेणारा स्वकीय तयार करण्याची व्यवस्था उभी झाली नाही. महादजी होते तोवर या भेगा झाकलेल्या राहिल्या.

१३.
१२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीला महादजी वारले. वारस दौलतराव, वय पंधराच्या आसपास. १७९५ च्या अखेरीस डी बॉयनही प्रकृतीच्या कारणाने निघाला आणि प्रचंड संपत्तीसह युरोपात परतला. शाँबेरीत त्याच्या स्मरणार्थ उभारलेल्या कारंज्यावर आजही चार हत्ती आहेत. कंपू ज्या एका माणसाच्या धाकात होते तो गेला, आणि ज्या एका माणसाने ते घडवले तोही गेला. मागे धाक ठेवणारी आणि घडवणारी यंत्रणा उरली नव्हती.

१४.
डी बॉयनची जागा पेराँ या फ्रेंच माणसाने घेतली. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत तो शिंद्यांच्या पलटणी घेऊन लढला होता. इकडे दौलतराव पुण्याच्या राजकारणात आणि महादजींच्या विधवांच्या बंडात गुरफटले. उत्तरेचा कारभार हळूहळू पेराँकडे सरकला. जायदाद, किल्ले, बादशहाच्या दिल्लीवरील पहारा, सारे त्याच्याकडे. लखबादादांसारखे जुने सरदार त्याच्याशी झगडत राहिले. धन्याच्या घरातील भांडणे वाढली तसा चाकर मोठा होत गेला.

१५.
तेच तंत्र मग आपसात वापरले गेले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्याजवळ हडपसरला यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशवे यांच्या संयुक्त फौजेला हरवले. दोन्हीकडे कवायती पलटणी, दोन्हीकडे युरोपीय अधिकारी. दुसरा बाजीराव वसईला पळाला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने तैनाती फौजेचा तह स्वीकारला. पुढच्या वर्षी इंग्रजांशी युद्ध पेटले, तेव्हा होळकर बाजूला राहिले आणि शिंदे-भोसले एकटे पडले.

१६.
या वेळी गव्हर्नर जनरल होता रिचर्ड वेलस्ली, आर्थरचा थोरला भाऊ. शिंद्यांच्या फौजेचे मर्म त्याने अचूक ओळखले. ऑगस्ट १८०३ मध्ये त्याने जाहीरनामा काढला. आशय असा : शिंद्यांच्या चाकरीतील ब्रिटिश प्रजाजनांनी ती सोडून कंपनीकडे यावे, त्यांच्या चरितार्थाची सोय केली जाईल, जे राहतील त्यांना राजद्रोही मानले जाईल. शत्रूचे अधिकारी रणांगणात मारण्यापेक्षा त्यांना पगार देणे स्वस्त होते. एकही तोफ न डागता कंपूंची रचना आतून सुटू लागली.

१७.
अविश्वासाने उरलेले काम केले. पेराँने स्वतःच आपल्याकडील ब्रिटिश आणि मिश्र वंशाच्या अधिकाऱ्यांना काढून टाकले. जेम्स स्किनर त्यांपैकी एक. त्याच वर्षी त्याने इंग्रजांसाठी घोडदळ उभारले, ते 'स्किनर्स हॉर्स' म्हणून प्रसिद्ध झाले. ४ सप्टेंबर रोजी जनरल लेकने अलीगडच्या बळकट किल्ल्यावर हल्ला केला, तेव्हा दरवाजाची वाट दाखवणारा ल्यूकन हाही शिंद्यांच्या चाकरीतून नुकताच बाहेर पडलेला होता. किल्ल्याची माहिती ही त्या माणसाची खासगी मालमत्ता झाली होती.

१८.
अलीगड पडल्यानंतर काही दिवसांतच पेराँने कुटुंब आणि मालमत्तेसह कंपनीच्या मुलखातून सुखरूप जाऊ देण्याची मागणी केली. ती मान्य झाली. ११ सप्टेंबर रोजी दिल्लीजवळ त्याचा सहकारी बुर्कें लढला, हरला आणि लवकरच शरण गेला. उत्तरेतील फौजेचे सरसेनापतिपद पंधरवड्यात रिकामे झाले. जायदादीचा मुलूख गेला, म्हणजे पगाराचा झराही आटला. पलटणी मात्र अजून शिल्लक होत्या.

१९.
त्या पलटणी १ नोव्हेंबर १८०३ रोजी अलवरजवळ लासवारीला लढल्या. नामांकित युरोपीय सेनानी जवळजवळ कोणी उरले नव्हते. तरीही लेकची आठशेहून अधिक माणसे ठार वा जखमी झाली. गोलंदाज संगिनीचा वार बसेपर्यंत तोफांपाशी उभे राहिले, असे लेकने स्वतः गव्हर्नर जनरलला कळवले. फ्रेंच अधिकारी त्यांच्याबरोबर असते तर निकालाची खात्री देता आली नसती, अशी कबुलीही त्याने दिली. सत्तरहून अधिक तोफा त्या दिवशी गेल्या.

२०.
दख्खनमध्ये असईला निदान पोलमन हा हॅनोव्हरचा अधिकारी जागेवर होता. वेलस्लीने अनपेक्षित उतारावरून केळणा ओलांडली, तेव्हा पोलमनने पलटणींची संपूर्ण फळी काटकोनात वळवून त्याच्यासमोर आणली. असा पेच या फौजेला जमेल, हे वेलस्लीच्या हिशेबात नव्हते. दौलतराव आणि रघूजी मात्र रणांगणावर फार काळ थांबले नाहीत. प्रचंड घोडदळ जवळपास निष्क्रिय राहिले. तोफांच्या रांगेवरून इंग्रज पुढे गेल्यावर मेल्यासारखे पडून राहिलेले काही गोलंदाज उठले, त्यांनी तोफा उलट फिरवल्या आणि पाठीवर मारा सुरू केला. त्या तोफा पुन्हा घेण्यासाठी वेलस्लीला जातीने फिरून यावे लागले.

२१.
३० डिसेंबर १८०३ रोजी सुर्जी-अंजनगावचा तह झाला. दुआबचा मुलूख, दिल्ली, भडोच, अहमदनगर गेले. त्यातील एक कलम आपल्या विषयासाठी सर्वांत महत्त्वाचे आहे : इंग्रजांशी युद्धात असलेल्या कोणत्याही युरोपीय वा अमेरिकन सत्तेच्या प्रजाजनास कंपनीच्या संमतीवाचून शिंद्यांनी चाकरीत ठेवू नये. तोफा पुन्हा ओतता येतात, हे कंपनी जाणून होती. म्हणून तिने तंत्र चालवणाऱ्या माणसांचा पुरवठाच तहाने बांधून टाकला.

२२.
'मराठ्यांनी गनिमी कावा सोडून कवायती फौज धरली, हीच चूक', असे मत आपल्याकडे फार रुजले आहे. ते मुळात काही इंग्रज अधिकाऱ्यांनीही मांडले होते. पुरावा वेगळे सांगतो. असई आणि लासवारी येथे इंग्रजांना रक्तबंबाळ केले ते कवायती पलटणींनी आणि तोफांनी. पारंपरिक घोडदळाचा त्यातील वाटा अल्प होता. रँडॉल्फ कूपर या इतिहासकारानेही २००३ च्या आपल्या ग्रंथात दाखवले आहे, की फरक शस्त्रांच्या दर्जात नव्हता. पैसा, पत आणि लष्करी माणूसबळावरील ताबा यांत होता. नवे स्वीकारणे चुकले नाही, स्वीकार अपुरा राहिला.

२३.
कंपनीची बाजू पाहा. तिचा सेनापती मेला तर हुद्द्याने पुढचा अधिकारी हुकूम घेई. पगार मुलखाच्या वसुलीवर अडे तेव्हा सावकारांकडून कर्ज उभे राही, कारण परतफेडीची पत होती. तिथेही अन्याय होताच, हिंदी शिपाई सुभेदारीच्या वर चढू शकत नसे. पण लेक किंवा वेलस्ली पैसे घेऊन शिंद्यांकडे जाण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. त्यांची बढती, निवृत्तिवेतन, प्रतिष्ठा आणि घर हे सारे त्याच सत्तेत गुंतलेले होते. पेराँचे घर दुआबात नव्हते.

२४.
हे इतर कोणाला उमगले नाही असे नाही. यशवंतराव होळकरांनी १८०४ मध्ये इंग्रजांना मिळण्याच्या संशयावरून आपल्याकडील तीन इंग्रज अधिकाऱ्यांना ठार केले. उपाय क्रूर होता, पण निदान अचूक होते. पुढे त्यांनी भानपुऱ्याला स्वतः लक्ष घालून तोफा ओतण्याचा कारखाना चालवला. पंजाबात रणजितसिंहांनी फ्रेंच व इटालियन अधिकारी घेतले, पण लहनासिंह मजिठियांसारखे स्वकीय तोफखानातज्ज्ञही पुढे आणले. त्यांचे राज्यही अखेर गेले. रणजितसिंहांनंतर दरबार फुटला. म्हणजे स्वकीय तज्ज्ञ असणे पुरेसे ठरत नाही, पण ते नसतील तर पुढचे काही उभेच राहत नाही.

२५.
आज संरक्षणाच्या चर्चेत ड्रोन, क्षेपणास्त्रे, उपग्रह यांच्या संख्या आणि किमती वाचायला मिळतात. अठराव्या शतकाची आजशी थेट तुलना करू नये. तरीही कंपूंचा इतिहास काही प्रश्न हाती देतो. हे यंत्र दुरुस्त कोण करणार? ते चालवणाऱ्याचा पगार आणि भवितव्य कोणाच्या हाती? त्याची माहिती राज्याच्या दप्तरात आहे की एखाद्या कंत्राटदाराच्या डोक्यात? पुरवठादाराने संकटात हात आखडला तर दुसऱ्या दिवशी काय? महादजींच्या पश्चात हे प्रश्न दरबारात कोणी धसास लावले नाहीत. ते विचारले गेले १८०३ च्या ऑगस्टमध्ये, आणि विचारणारा शत्रू होता.

२६.
शेवटी त्या गोलंदाजांविषयी. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. जाहीरनामा त्यांच्यासाठी नव्हता, कारंजे त्यांच्या स्मरणार्थ उभारले गेले नाही. ज्यांना मोठे पगार होते ते निघून गेले. ज्यांना कधी पलटणीचा हुकूम मिळाला नाही, ते तोफेपाशी मेले. इब्राहिमखान गारद्याने पानिपतावर दाखवून दिलेली शक्यता त्यांच्यातही असणार. ती तपासून पाहण्याची संधी शिंदेशाहीला जवळजवळ वीस वर्षे मिळाली होती.

पुढील धाग्यात यशवंतरावांच्या भानपुऱ्याच्या कारखान्याविषयी. शंका, दुरुस्त्या आणि वेगळी मते खाली अवश्य मांडा.